उलथन्याचा झिजलेला कोपरा

माय, तुझं उलथनं मी एका मुलीला दिलं आहे. कायमचं नाही, महिनाभरासाठी. तेवढ्यानंच माझं असं झालंय की वर्गात शिकवताना मधेच थांबते आणि पोरी एकमेकींकडं बघतात. तुला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनातही फारसं बोलले नाही. रोज काही ना काही लिहून ठेवायची सवय आहे, त्यात तू अधूनमधून येतेस, पण 'ती' म्हणून येतेस. आज पहिल्यांदा 'तू' म्हणून लिहितेय, कारण मला तुला एक विचारायचं आहे आणि दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग झालेला नाही.

ही मुलगी आपल्या नांदूरघाटचीच. मी केजच्या कॉलेजात अकरावी-बारावीला इतिहास शिकवते, तिथं ती माझ्या वर्गात होती. पुढं चित्रकला शिकायला संभाजीनगरला गेली, तिथून मुंबईला, आणि आता परत आली आहे. पण ती चित्रं काढत नाही. लोकांकडून रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तू मागून घेते, शक्यतो गेलेल्या माणसाच्या. कोयता, खुरपं, चपला, वरवंटा. मग तशीच नवी वस्तू बाजारातून आणते, दोन्ही एकमेकींवर ठेवते आणि जुनीतलं जेवढं झिजून गेलं तेवढंच पांढऱ्या प्लास्टरमध्ये घडवते. भिंतीवर वस्तू नसतेच, नुसती तिची झीज असते. कोयत्याची झीज म्हणजे कापून टाकलेल्या नखासारखी एक लांब कोर. चपलेची झीज म्हणजे टाचेखालचा उतरता तुकडा. खाली एक चिठ्ठी, कुणाची वस्तू, कोणत्या हाताची, कोणत्या पायाची. आणि शेजारी कानाला लावून ऐकायचा हेडफोन, त्यात घरच्या माणसाचा आवाज. त्या वस्तूकडं बघून त्याला जे वाटतं ते तो सांगतो. आमच्या स्टाफरूममध्ये हे मी सांगितलं तर एक सर म्हणाले, "म्हणजे जे नाही तेच बघायला जायचं? मग आमचा महिनाअखेरचा पगार लावा की भिंतीवर." सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं, यांना नाही कळलं, मला कळलं.

तुझी एकच वस्तू माझ्याकडं आहे. तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझी लुगडी, तुझी भांडी, सगळं वाटलं गेलं. कुणी काय नेलं ते मी बघितलंही नाही. दुपारी सगळे विहारात असताना मी चुलीमागच्या दिवळीत हात घातला आणि हाताला लागलं ते उलथनं पिशवीत टाकलं. तेव्हापासून ते माझ्या प्रत्येक भाड्याच्या घरात, आता बीडच्या स्वतःच्या घरात, गॅसच्या ओट्याशेजारी खिळ्याला लटकलेलं असतं. वापरत नाही. माझ्याकडं न चिकटणारा तवा आहे, त्याला लोखंड चालत नाही. तर ते मी तिला दिलं आणि तिच्या फोनसमोर बसून बोलले. काय बोलले ते तुला सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मी म्हणाले, "माझ्या आईनं मला कधी चुलीपुढं बसू दिलं नाही. ती दार लावून घ्यायची आणि मला बाहेर अभ्यासाला बसवायची. माझ्यासाठी तिनं स्वतःला त्या धुरात कोंडून घेतलं." हे वाक्य मला पाठ आहे, माय. सत्काराला, महिलादिनाला, पोरींच्या निरोप समारंभाला मी ते म्हणत आले आहे. दर वेळी समोर कुणीतरी डोळे पुसतं. दर वेळी मलाही भरून येतं, आणि ते खोटं नसतं.

आठवड्यानं तिचा फोन आला. "मॅडम, एकदा येऊन जाता का? काही गडबड नाही. पण तुम्ही बघायलाच पाहिजे." केजच्या बाहेर कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग आहे, त्याच्या शेडमध्ये ती काम करते. गेले तर तिनं एका फळीवर सात-आठ उलथनी ओळीनं मांडलेली, वेगवेगळ्या घरांतली. प्रत्येकाच्या समोर पांढरा तुकडा, सुपारीच्या खांडाएवढा. "बघा," ती म्हणाली. मी बघितलं. मला काही दिसलं नाही. मग तिनं माझं बोट धरून एकेका पात्यावरून फिरवलं. सगळी उलथनी एकाच कोपऱ्यात झिजली होती, कारण उजव्या हातानं तवा खरवडला की तोच कोपरा टेकतो. तुझं दुसऱ्या कोपऱ्यात. "मॅडम, तुमच्या आई डावखुऱ्या होत्या का हो?"

मी लगेच म्हणाले, "नाही." इतक्या लगेच की तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग मी म्हणाले, "नसावी." मग म्हणाले, "मी विचारून सांगते." एका मिनिटात तीन उत्तरं. ती हसली नाही, भली आहे.

बीडला परत येताना बसमध्ये मी तुला आठवायला बसले. म्हणजे तुझे हात आठवायला. मला तुझ्या हातावरचं गोंदण आठवतं, बोटांची पेरं आठवतात, बांगड्या मागं सारायची तुझी लकब आठवते. तू पीठ मळतेस, तू जळण मोडतेस, अंगणवाडीच्या ओसरीवर बसून पोरांना खिचडी वाढतेस. वाढतेस ती उजव्या हातानं, हे मी शपथेवर सांगेन. पण वाढणं वेगळं. त्याच्या आधी, पातेलं चुलीवर असताना, तू एकटी असताना कोणता हात? मी तिथं नव्हते. एकदा दुपारी शाळेतून तुला शोधत अंगणवाडीवर आले होते, तू पाठमोरी होतीस, माझी चाहूल लागल्यावर तुझा खांदा एकदम हलला, असं मला आता दिसतं. पळी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, असं दिसतं. पण हे मला तेव्हा दिसलं होतं की त्या बसमध्ये बसून मी तयार केलं, हे मला सांगता येत नाही. मी इतिहास शिकवते. पुरावा हाती लागल्यावर जागी होणाऱ्या आठवणीवर विश्वास ठेवू नये, असं मी पोरींना सांगते.

दादाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "काहीतरीच काय. माय उजवीच होती. आपल्यात डावं कोण हाय?" मी म्हणाले, उलथनं तसं सांगतंय. "मग ते उलथनं आपलं नसंल. लग्नाकार्यात भांडी इकडची तिकडं होत्यात. कुण्या दुसऱ्याच बाईचं उलथनं उरावर घेऊन रडत बसलीस इतकी वर्षं." आणि हसायला लागला. त्याला वाटलं गंमत झाली. मी फोन ठेवला. आपल्या भांड्यांवर नाव घातलेलं असायचं, पण उलथन्यावर कोण नाव घालतं? हे तुझं नसेल तर माझ्याकडं तुझं काहीच नाही. आणि तुझं असेल तर मला तू माहीत नाहीस. दोन्हीतलं कोणतं बरं, हे मला त्या दिवशी ठरवता येईना.

दुसऱ्या रविवारी आष्टीला मावशीकडं गेले. तुझी धाकटी बहीण आता थकली आहे, पण जीभ तशीच. मी चहा व्हायचीही वाट बघितली नाही. "मावशी, माय डावखुरी होती का?"

"होती का म्हंजे? लई डावरी! तुला न्हाई ठावं?" आणि सुनेला हाक मारली, "ये ग, ऐक हिचं. एवढी मास्तरीन झाली, अन् हिला हिच्या मायचा हात ठावं न्हाई."

मग तिनं सांगितलं. तू लहानपणी सगळं डाव्या हातानं करायचीस म्हणून आजी जेवायला बसताना तुझा डावा हात चिंधीनं पाठीशी बांधून ठेवायची. लग्न ठरलं तेव्हा आजीनं तुला बजावलं होतं, सासरी हात दाखवू नको, सासरा डाव्या हाताचं खात नाही. मी मधेच म्हणाले, "पण मावशी, आपल्यात असलं कुठं होतं? आमच्या आजोबांनी, मायच्या सासऱ्यानंच तर घरातले सगळे देव नदीत सोडले होते. उपास नाही, सोवळं नाही, अमावस्या नाही."

"देव सोडले की," मावशी म्हणाली. "डाव्या हाताला काय देव लागतो व्हय? ताटात डावा हात आला की म्हातारं ताट सारायचं. इव्हायांनी गावभर भाषणं ठोकावी, अन् घरात हे. तुझ्या मायनं कधी म्हणून दाखविला न्हाई हात. चाळीस वरीस."

"मग एकटी असली की?"

आता मावशी हसली, दात नसलेलं. "तुझ्या येळंला बाळंतपणाला म्या आलते. सकाळचं दार लोटलेलं. ढकलून आत गेले, तर बाई डाव्या हातानं सटासट भाकरी उलथतीया, गुणगुणतीया. दार वाजलं तसं उलथनं झटक्यात उजव्यात! वर बघती तर मी. मंग म्हणली, मेले, तू हाईस व्हय, अन् पुन्हा डाव्यात घेतलं. लई हसलो दोघी. तू पाळण्यात रडायलीस तरी कुणी उठंना."

दादाचं म्हणणं तिथंच संपलं. उलथनं तुझंच. मी सुटले असं मला वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी मावशीला पुढचं विचारलं, जे विचारायला मी खरी आले होते. "म्हणजे ती दार लावायची ती त्यासाठी? मला आत येऊ द्यायची नाही ती त्यासाठी?"

मावशी म्हणाली, "मला काय इचारती? मी का तिच्या पोटात शिरलते? तुझी माय हाय, तुला ठावं पायजे."

म्हणून तेच तुला विचारतेय, आणि तेव्हापासून मी तो एक दिवस उलटसुलट करते आहे. आठवीत असेन. गुरुजी आले नाहीत म्हणून शाळा लवकर सुटली, मी धावत घरी आले आणि स्वयंपाकघराचं दार ढकललं. तू ओरडलीस, "दार वाजवायला काय झालं तुला?" आपल्या गल्लीत कुणी दार वाजवत नव्हतं, माय. सगळी दारं सगळ्यांची होती. मी उंबऱ्यात उभी, दप्तर पाठीवर, आणि तू पुढं येऊन मला खांद्याला धरून फिरवलंस. "जा. अभ्यास कर. इथं काय हाय तुझं?" त्या एका वाक्यावर मी माझं सगळं शिक्षण उभं केलं. बीडच्या वसतिगृहात घरची आठवण आली की म्हणायची, इथं काय हाय तुझं, असं माय म्हणाली होती. पुढं गाडी अडली की तेच. तुझा तो राग माझ्यासाठी होता, माझ्या भल्यासाठी होता, हे मी इतक्यांदा सांगितलंय की त्यात तुझं स्वतःचं काही असू शकेल हे कधी मनातच आलं नाही. आता वाटतं, त्या घरात तुला स्वतःची म्हणून एकच गोष्ट होती, लावलेल्या दाराआडचा तो डावा हात, आणि मी तीत घुसले होते. गुणगुणत होतीस का तेव्हा? मला गुणगुणणं आठवत नाही. तू गुणगुणायचीस हेच मला मावशीकडून कळलं.

आणि घड्याळाचं. ते तर अजूनच टोचतं. दहावीच्या निकालानंतर तू अंगणवाडीच्या मानधनातून मला घड्याळ आणलंस, काळ्या पट्ट्याचं. स्वतःच्या हातानं बांधायचं म्हणालीस आणि माझ्या उजव्या मनगटावर बांधलंस. दादा खो खो हसला, "माय, उलट्या हाताला बांधलंस की! घड्याळ डाव्या हातात असतंय." तू म्हणालीस, "मला कुठं असतंय घड्याळ, मला काय ठावं," आणि काढून दुसऱ्या हाताला बांधलंस. तू हसत होतीस. आम्ही ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आलो, जमलं की सांगतो, तुझ्या जावयाला सांगितली, नातवंडांना सांगितली. बिचारी अडाणी, तिला घड्याळ कोणत्या हातात घालतात तेही माहीत नव्हतं. आता मला वाटतं, कामाचा हात मोकळा सोडून तू दुसऱ्यावर बांधलंस. तुझ्या हिशेबानं बरोबर बांधलंस. किंवा नाही. समोरासमोर बसलं की कुणाचाही उजवा-डावा चुकतो. मला आता प्रत्येक गोष्टीत तुझा डावा हात दिसायला लागलाय, आणि त्याचीही भीती वाटते. आधी तुझी सगळी वर्षं मी माझ्या नावावर केली होती, आता ती एका हाताच्या नावावर करायला निघाले आहे.

गुरुवारी ती मुलगी घरी आली. रविवारी, म्हणजे आता उद्याच, तिचं प्रदर्शन उघडणार, त्याच्या चिठ्ठ्या छापायच्या होत्या. मी मावशीचं सगळं सांगितलं, सांगायला नको होतं. तिचे डोळे चमकले. म्हणाली, "मॅडम, चिठ्ठीवर 'डाव्या हाताची' असं लिहिते. आणि तुमचं रेकॉर्डिंग आहे तसंच ठेवू. लोक बघतील एक, ऐकतील दुसरं. यातच तर सगळं आहे."

मी म्हणाले, "नाही. तिनं जन्मभर लपवलं. तिला आवडलं नसतं."

"तुम्हाला कसं माहीत, मॅडम?"

"माझी आई आहे ती," मी म्हणाले, वर्गात म्हणते त्या आवाजात. ती चहा अर्धा ठेवून गेली. गेल्यावर मला मावशीचं ऐकू आलं, तुझी माय हाय, तुला ठावं पायजे. तुला काय आवडलं असतं ते मला कुठं माहीत आहे? तू मावशीसमोर हसत हसत पुन्हा डाव्या हातात घेतलंस. म्हणजे कुणीतरी बघावं असं वाटतही असेल. कुणीतरी, म्हणजे मी नाही. की मीही, मोठी झाल्यावर, वाजवून आत आले असते तर? दोन दिवस मी हेच करते आहे. भाजी चिरताना सुरी डाव्या हातात घेऊन बघते, बोट कापलं. तुझा नातू म्हणाला, "मम्मी, तू बरी आहेस ना?"

आज सकाळी पहिल्या बसनं केजला गेले. शेडमध्ये ती शिडीवर चढून तारा ओढत होती. मी खालूनच म्हणाले, "चिठ्ठी लाव. डाव्या हाताची." ती खाली उतरली. मी म्हणाले, "पण माझं बोलणं मला पुन्हा करायचं आहे." ती म्हणाली, "मॅडम, ते खरं होतं." मी म्हणाले, "खरं असेल, पण ते माझं होतं." मग एका पोत्यावर बसून फोनसमोर बोलले. एकच वाक्य राहिलं. "माझी आई दार लावून स्वयंपाक करायची." तिनं फोन तसाच धरून ठेवला, मी पुढं काही बोलेन म्हणून. मी पोत्यावरून उठले. नंतर तिनं तो पांढरा तुकडा भिंतीवर लावला, बाकीच्यांच्या ओळीत. लांबून बघितलं तर तो एकटाच दुसरीकडं तोंड करून होता. वाईट दिसत नव्हता.

आता दुपार आहे. घरात कुणी नाही. हे लिहून झाल्यावर घडी घालून ठेवीन. तुला वाचता येत नव्हतं. वसतिगृहातून मी धाडलेली पत्रं तू कुणाकडून तरी वाचून घ्यायचीस, दादाकडून, नाहीतर शेजारच्या पोरीकडून, आणि म्हणून मी त्यात कधी काही लिहायची नाही, बरी आहे, परीक्षा जवळ आली, एवढंच. हेही कुणाला तरी मोठ्यानं वाचावं लागलं असतं, आणि हे मला तिसऱ्या माणसाच्या तोंडी द्यायचं नाही. तुझा हात तुझ्याकडं राहू दे, तुझं दार तुझ्याकडं, त्याच्या आत तू जे काय गुणगुणत होतीस ते तुझं. मी त्यातून माझं नाव काढून घेतलं आहे. फक्त एक सांगते, माय, कारण आज दुसरं काही जमत नाहीये. पोत्यावर बसून ते वाक्य बोलताना 'माझ्यासाठी' हा शब्द गाळला, तेव्हा मला फार वाईट वाटलं, आणि अजूनही मी मनातल्या मनात तो परत लावून बघते.